दगडफुलाचा दावा

वैशाखात वर्षाचा मसाला भाजावयाचा दिवस आमच्या घरी अद्यापि एखाद्या लहानशा कार्यासारखा पाळला जातो. धने, खसखस, मिरी, लवंगा, दालचिनी यांच्या ताटल्या ओसरीवर मांडल्या जातात आणि त्यांच्याच रांगेत, वरून राखी व खालून काळे, चुरगाळलेल्या कागदासारखे दिसणारे दगडफूल असते. कच्चे असताना त्याला म्हणण्यासारखा वास नाही. तेलात परतले की मात्र सारे घर दरवळते. गेल्या वर्षी ते निवडता निवडता आईने मला विचारले, "तू एवढा शिकलास. हे दगडाचे फूल, तर मग त्याचे झाड कोठे असते रे?"

मी सांगितले की, ते फूलही नव्हे आणि त्याला झाडही नाही. एक बुरशी आणि एक शैवाल अशा दोन अगदी भिन्न जिवांनी मिळून थाटलेला तो एक संसार आहे. आई वकिलाची पत्नी आणि वकिलाची आई. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "दोघांचा संसार म्हणतोस, मग घर कोणाच्या नावावर?"

सारे हसले, मीही हसलो. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. ज्या प्रश्नावर शास्त्रज्ञ दीडशे वर्षे भांडत आले आणि ज्यावर माझ्या व्यवसायातील निम्मे दावे उभे असतात, तो तिने मसाला निवडता निवडता माझ्यापुढे ठेवला होता. दोन जीव एकमेकांवाचून उभे राहू शकत नाहीत, तेव्हा जे उभे राहिले ते कोणाचे?

शास्त्रीय मराठीत दगडफुलाला शैवाक म्हणतात. आयुर्वेदात ते शैलेय या नावाने येते. आपल्या मसाल्यातले दगडफूल बहुधा हिमालयाच्या उतारावरील झाडांच्या सालीवरून खरवडून आणलेले असते. म्हणजे ते पुष्कळदा दगडावरचेही नसते. परंतु दगडफूल पाहावयाला हिमालयात जावयास नको. देवळामागच्या कुळागरात शिरावे आणि पोफळीच्या खोडाकडे जवळून पाहावे. खोडावर जे पांढुरके, हिरवट-करडे डाग दिसतात, त्यांतील पुष्कळसे म्हणजे खोडाला घट्ट चिकटून वाढलेली दगडफुलेच होत. काहींवर बारीक काळ्या रेघोट्या असतात, जणू कोणी बोरूने घाईघाईत मोडी लिहून ठेवली आहे. ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच शास्त्रज्ञांनी त्यांना ग्राफिस हे नाव दिले. जुने दस्तऐवज वाचण्यात ज्याचे आयुष्य चालले आहे, त्याला या लिपीचे कुतूहल वाटावे हे स्वाभाविकच होय.

दगडफुलाचा एक पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर वरच्या बाजूस बुरशीच्या तंतूंची घट्ट विणलेली साल दिसते. तिच्या लगत खाली हिरव्या पेशींचा एक थर असतो, तेच शैवाल. त्याखाली पुन्हा बुरशीचेच सैल, कापसासारखे तंतू. शरीराचा बहुतेक भाग बुरशीचा, आकार बुरशीचा, आणि वर ज्या वाट्या किंवा रेघोट्या उमटतात त्या फळांसारख्या अवयवांत तयार होणारी बीजुकेही बुरशीचीच. शैवाल बिचारे मधल्या माजघरात. परंतु सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करण्याची विद्या या घरात त्या माजघरातल्याच माणसाला येते. बुरशीला ती मुळीच येत नाही. जगात अशा संसार थाटणाऱ्या बुरशींच्या सुमारे २०,००० जाती आज ज्ञात आहेत.

हे द्वैत प्रथम जगापुढे मांडले ते स्वित्झर्लंडच्या सिमोन श्वेंडेनर या वनस्पतिशास्त्रज्ञाने, १८६७ साली. त्यापूर्वी दगडफूल ही एक स्वतंत्र, अखंड वनस्पती समजली जात असे. श्वेंडेनर म्हणाला, हा एक जीव नव्हे. हे धनी आणि दास यांचे घर आहे. बुरशी ही धनीण; तिने हिरव्या शैवालांना आपल्या जाळ्यात पकडून कामास जुंपले आहे. १८६९ च्या आपल्या निबंधात त्याने ही उपमा विस्ताराने मांडली. दावा दाखल झाला तो हा असा, आणि आरंभापासूनच तो गुलामगिरीचा दावा होता.

विरोध तीव्र झाला. पॅरिसमध्ये राहणारा फिनलंडचा विल्यम नायलँडर हा त्या काळचा या विषयातील मोठा अधिकारी. त्याने हे मत अखेरपर्यंत मान्य केले नाही. ब्रिटनमधील क्रॉम्बी नावाच्या पाद्री-शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये या सिद्धान्ताची एखाद्या अद्भुत प्रेमकथेप्रमाणे थट्टा केली. ज्यांनी आयुष्यभर या जिवांना नावे दिली, त्यांचे वर्ग पाडले, त्यांना कोणी येऊन सांगावे की, तुम्ही ज्याला ‘एक’ म्हणत होता ते ‘एक’ नव्हतेच, तर राग येणारच. अखंड समजलेल्या कुटुंबाची वाटणी मागणारा अर्ज आला म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांची मुद्रा कशी होते, हे मी अनेकदा पाहिले आहे. परंतु पुरावा श्वेंडेनरच्या बाजूने जमत गेला. १८७७ मध्ये अर्न्स्ट श्टाल याने बुरशीची बीजुके आणि शैवालाच्या पेशी एकत्र आणून प्रयोगशाळेत एक दगडफूल घडवून दाखविले.

त्याच सुमारास एक नवा शब्द जन्मास आला. १८७७ मध्ये आल्बर्ट फ्रांक याने तो सुचविला आणि १८७८ मध्ये आंटोन डी बारी याने आपल्या व्याख्यानात त्याला प्रतिष्ठा दिली. आपण त्याचे भाषांतर ‘सहजीवन’ असे करतो आणि त्या शब्दात सप्तपदीचा गोडवा मिसळतो. डी बारीच्या मनात असा गोडवा नव्हता. भिन्न जातीचे जीव एकत्र राहतात एवढेच त्याला म्हणावयाचे होते. त्यांतील एक दुसऱ्याला पोशितो की शोषितो हा प्रश्न त्याने बुद्ध्या खुला ठेवला होता. न्यायालयाच्या भाषेत सांगावयाचे तर त्याने केवळ ‘एकत्र वास्तव्य’ मान्य केले. ते कोणत्या हक्काने, हा मुद्दा राखून ठेवला.

तेव्हा आपण दोन्ही बाजूंचा पुरावा पाहू.

वादीचा, म्हणजे शैवालाच्या बाजूचा, पुरावा दुर्बळ नाही. १९६० नंतरच्या दशकात ऑक्सफर्डच्या डेव्हिड स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कार्बनचा माग घेऊन अन्नाची ही देवघेव मोजली. शैवाल प्रकाशात जी साखर तयार करते, तिचा मोठा वाटा बुरशीकडे जातो आणि बुरशी तिचे मॅनिटॉल नावाच्या द्रव्यात रूपांतर करून ते आपल्या पेशींत साठविते. पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. हेच शैवाल दगडफुलातून बाहेर काढून वेगळे ठेवले, तर थोड्याच वेळात त्याची ही साखर बाहेर सोडण्याची क्रिया मंदावते. याचा अर्थ, हे दान त्याच्या स्वभावाचा भाग नसावा; बुरशीच्या सान्निध्यात असेतोवरच ते घडते. शिवाय काही दगडफुलांत बुरशीचे तंतू शैवालाच्या पेशींत शिरतात, काही पेशी त्यात मरतात. दगडफुलात असताना शैवालाची वाढ मंद असते आणि त्याचे लैंगिक पुनरुत्पादन सहसा दिसत नाही. युरोपात भिंतींवर व खोडांवर वाढणाऱ्या झान्थोरिया पारिएटिना या सोनेरी दगडफुलाची कोवळी बुरशी तर शेजारच्या दुसऱ्या दगडफुलातील शैवाल पळवून आपला संसार उभा करते, असेही निरीक्षण आहे. यास सहकार्य म्हणावयाचे तर अपहरण कशास म्हणावे?

प्रतिवादीचीही बाजू ऐकली पाहिजे. उघड्या कातळावर, वैशाखाच्या उन्हात, हिरव्या पेशीचा एकटीने निभाव लागणे कठीण. बुरशीची साल तिला प्रखर प्रकाशापासून आणि अचानक वाळण्यापासून वाचविते, दंव व पाऊस धरून ठेवते, राहावयास जागा देते. या दोघांनी मिळून हिमाच्छादित शिखरांपासून वाळवंटांपर्यंत वस्ती केली आहे. २००५ साली युरोपीय अवकाश संस्थेने दोन जातींची दगडफुले अवकाशयानाच्या बाहेर, निर्वातात आणि सूर्याच्या उघड्या किरणांत, सुमारे पंधरा दिवस ठेवली. परत आल्यावर ती पुन्हा पूर्ववत् अन्न तयार करू लागली. अमेरिकेतील व्हर्नन अहमदजियान यांनी आयुष्यभर दोघांना वेगळे करून पुन्हा जुळविण्याचे प्रयोग केले. त्यांच्या प्रयोगांतून दिसले ते असे की, पोषक द्रव्ये विपुल दिली तर दोघे आपापले वाढतात, एकमेकांस विचारीत नाहीत. टंचाई केली, मधून मधून वाळविले, तरच ते एकमेकांना धरतात. सुबत्तेत एकत्र राहणे साधत नाही आणि अडचणीत साधते, हे आपल्या एकत्र कुटुंबांनाही अपरिचित नसावे. मात्र हे सांगितले पाहिजे की, इतके सारे पाहूनही अहमदजियान यांचा कल या नात्याला ‘नियंत्रित परोपजीवन’ म्हणण्याकडेच होता.

येथवर दावा धनी आणि दास असाच चालला होता. परंतु आनुवंशिकतेच्या अभ्यासाने त्याला जे वळण दिले, ते मला सर्वांत विचार करावयास लावणारे वाटते.

या बुरशीपुढे वंश चालविण्याचे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग बीजुकांचा. दोन भिन्न लैंगिक प्रकारच्या बुरशी एकत्र येतात, त्यांच्या जनुकांची नवी सरमिसळ होते, आणि त्यातून निर्माण झालेली बीजुके वाऱ्यावर उधळली जातात. पण त्या बीजुकात केवळ बुरशी असते, शैवाल नसते. ते जेथे पडेल तेथे त्याला योग्य जातीचे शैवाल शोधावे लागते. न सापडले तर मरण. दुसरा मार्ग सोबतीचा. दगडफुलाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म भुकटीसारखे कण सुटतात. प्रत्येक कणात बुरशीचे चार तंतू आणि त्यांनी कवटाळलेल्या शैवालाच्या काही पेशी असतात. हा कण जेथे पडतो तेथे संसार तयारच असतो. परंतु त्यात नवे काही नसते. आईबापांच्या जनुकांचीच ती नक्कल. म्हणजे नवेपणा हवा तर सोबत सोडावी लागते, आणि सोबत हवी तर नवेपणा सोडावा लागतो. काही जातींनी यातून पळवाट काढली आहे. मघाशी उल्लेखिलेली सोनेरी झान्थोरिया दुसऱ्या प्रकारच्या जोडीदाराची वाट न पाहता एकटीच फळते. पण सर्वांना ते साधलेले नाही. युरोपातील जुन्या अरण्यांत लोबारिया पल्मोनारिया नावाचे फुप्फुसासारख्या आकाराचे मोठे दगडफूल आढळते. जनुकीय तपासणीवरून दिसून आले की, त्याला फळण्यासाठी दोन भिन्न लैंगिक प्रकार जवळ असावे लागतात. अरण्ये तुटत गेल्यामुळे एखाद्या राईत एकच प्रकार उरला तर ते तेथे केवळ स्वतःच्याच प्रती काढीत राहते. घर भरलेले दिसते, वंश मात्र पुढे सरकत नाही.

आता शैवालाकडे पाहावे. पोफळीवरच्या त्या लिपीसारख्या दगडफुलात जे शैवाल राहते, त्याच ट्रेंटेपोलिया गटातील शैवाले आपल्याकडे मोकळीही राहतात. दमट हवेत जांभ्या दगडाच्या गडग्यांवर आणि झाडांच्या खोडांवर जो नारिंगी, मखमलीसारखा थर दिसतो, तो त्यांचाच. नाव शैवाल असले तरी रंग तसा. याउलट दगडफुलाची बुरशी निसर्गात एकटीने नांदताना बहुधा दिसत नाही. प्रयोगशाळेत पोसली तर ती सावकाश वाढते खरी, पण तिला आकार येत नाही. एक बेढब गोळा होऊन पडते. ज्या रूपावरून आपण तिला ओळखतो, ते रूप तिला दुसऱ्याच्या सहवासातच लाभते. अमेरिकी संशोधकांनी १९९१ मध्ये याहून चमत्कारिक गोष्ट दाखविली. पानासारखे पसरणारे एक हिरवे दगडफूल आणि इवल्याशा झुडपासारखे दुसरे, अशी दोन निराळ्या नावांनी ओळखली जाणारी रूपे त्यांनी तपासली. दोहोंतील बुरशीचा आनुवंशिक पुरावा सांगत होता की, बुरशी एकच आहे. सोबती मात्र दोन. हिरव्या शैवालाशी संसार केला तर एक देह, नील-हरित जिवाशी केला तर दुसरा. जनुकांत जे लिहिले आहे ते एकच, पण त्याचा अर्थ कोणाच्या सोबतीने वाचला जातो यावर सारे अवलंबून.

तेव्हा दास कोण आणि धनी कोण? ज्याला धनी म्हणावे त्याला दासावाचून पोट नाही आणि रूपही नाही. ज्याला दास म्हणावे त्याच्या जातभाईंना बाहेर, गडग्यावर, आपल्या बळावर जगता येते. यामुळे शैवालाची पिळवणूक खोटी ठरत नाही; परंतु सत्ता एकाकडे आणि गरज त्याचीच अधिक, ही स्थिती श्वेंडेनरच्या उपमेत मावत नाही एवढे खरे. मला वाटते, ती मनुष्यसमाजातील पुष्कळशा धनिकपणाचे अधिक यथार्थ वर्णन करते.

या दाव्यात पुढे एक प्रक्रियात्मक दोषही उघडकीस आला. अमेरिकेच्या वायव्य भागातील ब्रायोरिया वंशाची दोन दगडफुले शास्त्रज्ञांना कोड्यात टाकीत असत. एक तपकिरी, तेथील मूळ रहिवासी ते शिजवून खात आले. दुसरे पिवळसर, व्हल्पिनिक आम्लामुळे विषारी. दोहोंतील बुरशी आणि शैवाल तपासले तर जनुकांत भेद सापडेना. २०१६ मध्ये टोबी स्प्रिबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, सालीमध्ये एक तिसरा जीव, यीस्टच्या रूपातील एक निराळीच बुरशी, दडलेला होता आणि पिवळ्या दगडफुलात त्याचे प्रमाण अधिक होते. पुढील शोधांत हा तिसरा सोबती प्रत्येक दगडफुलात आढळला नाही, हे खरे. परंतु आता जिवाणूंचेही समुदाय त्यांत नांदत असल्याचे दिसले आहे. जवळजवळ दीडशे वर्षे दोन पक्षांत दावा चालला आणि एक आवश्यक पक्षकार सामीलच केला गेला नव्हता! दिवाणी कायद्यात या दोषामुळे दावा फेटाळला जाऊ शकतो.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. घर कोणाच्या नावावर? याचे उत्तर शास्त्रज्ञांनी खरोखरच कायदा करून दिलेले आहे. वनस्पती, शैवाले आणि बुरशी यांच्या नामकरणाची एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून तिच्यात असा नियम आहे की, दगडफुलाला दिलेले नाव हे त्यातील बुरशीचे नाव समजावे. शैवालाला त्याचे स्वतःचे वेगळे नाव असते, पण संसाराच्या दारावरील पाटी बुरशीची. आणि दोघे मिळून जे एक झाले, ज्याला आपण हातात घेतो, निवडतो, मसाल्यात घालतो, त्याला संहितेत स्वतंत्र नावच नाही. हा नियम मूर्खपणाचा मुळीच नाही. एकच शैवाल अनेक दगडफुलांत राहते, बुरशी मात्र बहुधा प्रत्येकात निराळी. तेव्हा ओळख पटविण्यास बुरशीचेच नाव सोयीचे. कायदा सोयीवर चालतो. तसा तो न चालला तर चालणारच नाही. प्रश्न पडतो तो सोयीलाच आपण न्याय समजू लागतो तेव्हा.

येथे मला स्वतःविषयी काही सांगितले पाहिजे. वकिलीच्या आरंभीच्या वर्षांत माझ्याकडे एका कुळागराचा दावा आला. मी मालकाचा वकील होतो. नमुना एक व चौदाच्या उताऱ्यावर नाव माझ्या अशिलाचे होते. पोफळी लावल्या, पाट काढले, आळी केली ती समोरच्या पक्षाच्या तीन पिढ्यांनी. पण कुळाच्या रकान्यात त्यांचे नाव कधी चढलेच नव्हते, आणि त्यांच्यापाशी ना पावती, ना करार. त्यांनी असे काही करावयाचे असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मी नियमाने जे मांडावयाचे ते मांडले. साक्षीदाराला उलटतपासणीत गोंधळविले. दावा आम्ही जिंकला, आणि त्या दिवशी मला आनंद झाला, हे लपविण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हातारा माझ्या दारात उभा. मला वाटले, शिव्या देईल. त्याने अंगणातूनच विचारले, "वकीलबाब, निकाल कळला. पण आज शिंपण्याचा दिवस. रोपे लहान आहेत, ऊन करपवणारे. आज पाणी कोण सोडणार?"

मी माझ्या अशिलाला विचारले. पाणी कोठून वळवावयाचे, कोणता बांध आधी फोडावयाचा, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या वडिलांनाही ठाऊक नव्हते. अखेर त्या दिवशीही पाणी त्या म्हाताऱ्यानेच सोडले. निकालपत्राची प्रत माझ्या मेजावर असताना.

त्या निकालात कायद्याची चूक होती असे मी आजही म्हणणार नाही. लेखी पुराव्याला मान न दिला तर उद्या त्याच म्हाताऱ्याच्या नातवाला कोणीही हुसकावील. पण त्या सकाळी मला एक गोष्ट दिसली होती आणि तिच्याकडे मी अनेक वर्षे पाहण्याचे टाळले. माझ्या अशिलाचे नाव खरे होते आणि त्याचे परावलंबनही तितकेच खरे होते; न्यायालयात मी त्यांतील एकच सत्य सांगितले.

दगडफुलाविषयी वाचू लागल्यावर मला प्रथम मोह झाला तो निसर्गाकडूनच निर्णय मागण्याचा. हा मोह नवा नाही. क्रोपोटकिन याने १९०२ मध्ये परस्पर साहाय्यावरील आपल्या ग्रंथात प्राणिसृष्टीतून सहकार्याचे दाखले काढले; इतरांनी त्याच सृष्टीतून बळी तो कान पिळी हा न्याय काढला. सृष्टी दोघांनाही पुरावा देते. दगडफुलातही जो ज्या वृत्तीने पाहील त्याला ते दिसेल: आदर्श दांपत्य, वेठबिगारी, शेती, कैद. परंतु सृष्टी ही साक्षीदार होय; तिला न्यायासनावर बसविण्याचा अधिकार आपल्याला नाही. बुरशीने शैवालाला पिळले तर ती पापी नव्हे, आणि त्याला सावली दिली तर पुण्यवानही नव्हे. तिला दुसरा मार्ग ठाऊक नाही. आपण काही करतो ते दुसरे काही करता येत असताना करतो; म्हणूनच आपल्या करण्याला बरे किंवा वाईट म्हणता येते.

मग या साक्षीदाराचा उपयोग काय? माझ्या मते एकच. परावलंबन म्हणजे उणेपणा आणि स्वयंपूर्णता म्हणजे मोठेपण, अशी जी आपली समजूत असते, ती दगडफूल मोडून काढते. जेथे मातीही नाही तेथे, उघड्या खडकावर, ते शतकानुशतके टिकते. काही जाती वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाहीत, तरी हटत नाहीत. हे बळ दोहोंपैकी एकाचे नाही. आणि जर जिवंत असणे याचाच अर्थ कोणाच्या तरी आधारावर असणे हा असेल, तर ‘मी कोणावर अवलंबून नाही’ या वाक्यात अभिमान बाळगण्यासारखे काही उरत नाही. उरतो तो एवढाच प्रश्न की, ज्यांच्यावर मी अवलंबून आहे त्यांची मला ओळख आहे काय?

आपल्या पूर्वजांनी या ओळखीला एक नेमका शब्द दिला होता: ऋण. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे आपण नेहमी ऐकतो. शतपथ ब्राह्मणात चौथेही सांगितले आहे, ते मनुष्यांचे. या चौथ्या ऋणाचा उल्लेख आपल्या बोलण्यात क्वचितच येतो, ही गोष्ट मला आता नुसता योगायोग वाटत नाही. देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण मानण्याने आपला मोठेपणा वाढतो. समोर अंगणात उभ्या असलेल्या माणसाचे ऋण मानले तर त्याला ओसरीवर बोलवावे लागते. आपल्या देवळांतून दिवा लागतो, वाजंत्री वाजते, अंगण झाडले जाते, फुले येतात. या प्रत्येक कामामागे कोणी उभे आहे. आपल्या नोंदवहीत आणि दारावरील शिळेवर त्यांतील कितीजणांची नावे आहेत, हे वाचकांनी एकदा आपापल्या गावी सवडीने पाहावे. सर्वांची नावे लिहिणे शक्य नसेल; संहितेलाही ते साधले नाही. परंतु ज्याचे नाव पाटीवर आहे, त्याने तरी ती पाटी पाहून आपण एकटेच घर आहोत असे समजू नये. बुरशीला हे समजण्याची सोय नाही. आपल्याला आहे, म्हणून आपल्यावर ते बंधनही आहे.

त्या म्हाताऱ्याचा शोध मी उशिरा घेतला. तो राहिला नव्हता. कुळागर अजून आहे, मालक तोच. पाणी सोडावयाला आता बाहेरून आणलेले मजूर येतात. मी खोडांजवळ उभा राहिलो. पांढुरक्या डागांवर त्या काळ्या रेघोट्या तशाच होत्या. ती लिपी वाचावयाची नसते, हे आता मला ठाऊक आहे; तरी नजर त्यांत एखादे नाव शोधीत राहिली.

यंदाचा मसाला करताना आईने पुन्हा तोच प्रश्न काढला. मी म्हणालो, "घर बुरशीच्या नावावर आहे, आई. पण अन्न शैवालाचे."

"मग नाव असू दे तिचे," आई म्हणाली, "जेवताना आधी त्याला विचारत जा."